क्वेरी ऑप्टिमायझर आणि आपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'डेटाबेस स्लो आहे' ही तक्रार घेऊन येणाऱ्यांशी बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, ते इथे एकत्र केले आहेत. डेटाबेसकडे एसक्यूएल भाषेत केलेली मागणी म्हणजे क्वेरी, आणि ती कोणत्या रस्त्याने पुरी करायची हे ठरवणारा डेटाबेसमधला भाग म्हणजे क्वेरी ऑप्टिमायझर. उदाहरणं मुख्यतः पोस्टग्रेएसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या डेटाबेसची आहेत, कारण त्याचं पोट उघडून आत बघता येतं. ओरॅकल, मायएसक्यूएल किंवा एसक्यूएल सर्व्हर जिथे वेगळे वागतात तिथे तसं सांगितलं आहे.

एसक्यूएलमध्ये 'काय हवं' तेवढंच सांगायचं, 'कसं आणायचं' ते डेटाबेस ठरवतो. मग माझं काम काय उरतं?

वचन तर तसंच दिलं होतं. १९७० साली एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं. डेटा डिस्कवर कसा रचलाय याच्याशी वापरणाऱ्याला देणंघेणं नसावं, ही त्यातली मूळ कल्पना. पण रस्ता कुणीतरी ठरवायला हवाच. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत सिस्टिम आर हा प्रायोगिक डेटाबेस घडत असताना ते काम एका प्रोग्रॅमवर, म्हणजे ऑप्टिमायझरवर, सोपवलं गेलं. तो विचार कसा करतो हे पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये शोधनिबंधातून सांगितलं: शक्य ते रस्ते काढा, प्रत्येकाच्या खर्चाचा अंदाज बांधा, सगळ्यात स्वस्त तो निवडा. आजचे बहुतेक ऑप्टिमायझर याच घराण्यातले आहेत.

यातला 'अंदाज' हा शब्द धरून ठेवा. तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममधला मुरलेला कारकून डोळ्यांसमोर आणा. पाच फेरफार मागितलेत तर तो रजिस्टरात नोंदी बघून नेमके पाच गठ्ठे सोडेल. अर्ध्या तालुक्याचे मागितलेत तर रजिस्टर मिटून पहिल्या रॅकपासून सरळ चाळत सुटेल. दोन्ही वेळा तो शहाणपणानेच वागतोय. फक्त कागद पाच निघणार की पन्नास हजार, हे त्याला सुरुवात करण्याआधी ठाऊक हवं. ते त्याला कळेल अशी व्यवस्था करणं हे आपलं काम. कोणत्या रॅककडे जा हे ओरडून सांगणं, हे बहुतेक वेळा नाही.

ऑप्टिमायझर नेमकं ठरवतो काय?

ढोबळमानाने तीन गोष्टी. प्रत्येक टेबल कसं वाचायचं: अख्खं चाळायचं की इंडेक्सवरून (कारकुनाच्या त्या रजिस्टरावरून) जायचं. टेबलं कोणत्या क्रमाने जोडायची. आणि प्रत्येक जोड कोणत्या रीतीने करायची: नेस्टेड लूप (एका टेबलाच्या प्रत्येक ओळीसाठी दुसऱ्या टेबलात एक फेरी), हॅश की मर्ज. दहा टेबलं एकामागून एक जोडायची म्हटलं तरी क्रम ३६,२८,८०० होतात. म्हणून मोठ्या क्वेरीत सगळे रस्ते तपासले जात नाहीत. पोस्टग्रेसमध्ये १२ टेबलांपासून पुढे सगळं धुंडाळण्याऐवजी जनुकीय पद्धतीने शोध होतो.

फ्रॉममधला टेबलांचा क्रम बदलला की वेग वाढतो म्हणतात. खरं आहे का?

हा सल्ला एका काळी खरा होता. ओरॅकलच्या जुन्या, नियमांवर चालणाऱ्या ऑप्टिमायझरला दोन रस्ते बरोबरीचे वाटले की तो फ्रॉममधल्या क्रमाकडे बघायचा. तो ऑप्टिमायझर १०जी आवृत्तीपासून अधिकृत आधाराबाहेर गेला, सल्ला मात्र एका सिनियरकडून दुसऱ्या सिनियरकडे चालत राहिला. आज पोस्टग्रेसमध्ये जॉइन शब्द लिहून आठापेक्षा जास्त टेबलं जोडलीत तरच तुमच्या क्रमाचा परिणाम दिसू शकतो, कारण जॉइन_कोलॅप्स_लिमिट मुळात ८ असते. चार टेबलांच्या क्वेरीत क्रम बदलून 'फरक पडला' असं वाटलं, तर बहुधा दुसऱ्या वेळी पानं आधीच मेमरीत होती.

प्लॅनमध्ये दिसणारी कॉस्ट म्हणजे मिलिसेकंद का?

नाही. प्लॅन म्हणजे ऑप्टिमायझरने निवडलेला रस्ता, आणि कॉस्ट हा त्याच्या खर्चाचा अंदाज. पोस्टग्रेसमध्ये १ म्हणजे एकामागून एक पानं वाचताना ८ केबीचं एक पान उचलण्याचा खर्च. बाकी सगळं त्या मापात. इथून तिथे उडी मारून पान आणायचं तर मुळातली किंमत ४. ही किंमत फिरत्या डिस्कच्या जमान्यातली आहे. एसएसडीवर रँडम_पेज_कॉस्ट १.१ च्या आसपास आणण्याची पद्धत आहे, आणि बऱ्याच ठिकाणी ही एक ओळ बदलायची राहून गेलेली असते.

एक्स्प्लेन ॲनालाइझ दिला की पानभर मजकूर येतो. वाचायचं काय?

ही आज्ञा क्वेरी चालवून तिचा प्लॅन आणि प्रत्यक्ष मोजमापं दाखवते. एकच गोष्ट आधी बघा: प्रत्येक पायरीवर अंदाजे ओळी किती धरल्या होत्या आणि खरोखर किती आल्या. कॉस्ट, वेळ, इंडेक्सची नावं सगळं नंतर. सगळ्यात आतल्या पायरीपासून बाहेर या आणि हे दोन आकडे जिथे पहिल्यांदा फाटतात तिथे थांबा. धरले ५, आले ४०,०००? सापडलं. त्यावरच्या पायऱ्या कितीही भयानक दिसल्या तरी त्या परिणाम आहेत.

लूप्सचा आकडा विसरू नका. नेस्टेड लूपच्या आतल्या पायरीवर दाखवलेल्या ओळी आणि वेळ एका फेरीची सरासरी असते. ०.०२ मिलिसेकंद बघून आपण पुढे जातो, आणि शेजारी लूप्स तीन लाख लिहिलेलं असतं.

अंदाज बरोबर असूनही वेळ लागत असेल, तर बफर्स, म्हणजे किती पानं वाचावी लागली, ते बघा. आवृत्ती १८ पासून ते एक्स्प्लेन ॲनालाइझसोबत आपोआप येतात, त्याआधी मागावे लागतात. सॉर्ट डिस्कवर गेलंय असं दिसलं तर वर्क_मेम, म्हणजे अशा कामाला किती मेमरी द्यायची ते सेटिंग, तपासा, मुळात ते फक्त ४ एमबी असतं. पण ते एका क्वेरीमागे नसून तिच्यातल्या प्रत्येक सॉर्टमागे किंवा हॅशमागे आहे, तेव्हा सर्व्हरभर १ जीबी करून मोकळे होऊ नका.

आणि हो, एक्स्प्लेन ॲनालाइझ क्वेरी खरोखर चालवतो. डिलीटसमोर लावलात तर ओळी खरोखर जातात. आधी बिगिन, मागून रोलबॅक, म्हणजे झालेला बदल मागे फिरतो. ही सूचना वाचून हसणारे बहुतेक जण एकदा तरी पोळलेले असतात.

पण अंदाज इतका चुकतो कशामुळे?

ऑप्टिमायझर प्लॅन ठरवताना तुमचं टेबल बघत नाही, टेबलाविषयीची टिपणं बघतो. पोस्टग्रेस मूळ सेटिंगवर साधारण ३०,००० ओळींचा नमुना उचलतो आणि प्रत्येक कॉलमसाठी जास्तीत जास्त १०० ठळक किमतींची (म्हणजे कॉलममध्ये वारंवार येणाऱ्या मूल्यांची) यादी आणि बाकीच्यांचा हिस्टोग्राम ठेवतो. आडनावाच्या कॉलममध्ये पाटील किती टक्के हे त्याला बरंच नेमकं कळतं. शंभरात न आलेल्या आडनावांना तो उरलेला वाटा समसमान वाटून देतो.

एका कॉलमपुरतं हे छान चालतं. घोटाळा दोन कॉलम एकत्र आले की होतो. आपल्याकडचंच बघा. पत्त्यांच्या टेबलात जिल्हा आणि तालुका असे दोन कॉलम आहेत. क्वेरीत आपण दोन्ही अटी लिहितो, आणि लिहायलाच हव्यात, कारण खेड पुणे जिल्ह्यातही आहे आणि रत्नागिरीतही, कर्जत रायगडातही आहे आणि अहिल्यानगरातही. मग सवयीने दापोलीसाठीही लिहितो: जिल्हा रत्नागिरी आणि तालुका दापोली.

समजा टेबलात एक कोटी ओळी आहेत आणि हिशेबाच्या सोयीसाठी त्या ३६ जिल्ह्यांत आणि ३५८ तालुक्यांत सारख्या पसरल्या आहेत. दापोलीच्या ओळी निघतील सुमारे २८,०००. ऑप्टिमायझर मात्र दोन अटींचा एकमेकींशी संबंध नाही असं गृहीत धरून एक छत्तीसांशला एक तीनशे अठ्ठावन्नांशाने गुणतो, आणि उत्तर काढतो सुमारे ७७६. बरोबर ३६ पट चूक. दापोली म्हटल्यावर रत्नागिरी आलंच, जिल्ह्याची अट एकही ओळ गाळत नाही, हे शाळेतल्या पोराला ठाऊक आहे. ऑप्टिमायझरला नाही.

पुढचं गणित सोपं आहे. ७७६ ओळींसाठी नेस्टेड लूप स्वस्त, म्हणून तो निवडला जातो. प्रत्यक्षात बाहेरून २८,००० ओळी येतात आणि आतल्या टेबलात तेवढ्या फेऱ्या होतात. त्यावर आणखी दोन जॉइन असतील तर चूक चक्रवाढीने फुगते.

इथे तुमची भूमिका अगदी नेमकी आहे. आवृत्ती १० पासून क्रिएट स्टॅटिस्टिक्स ही आज्ञा मिळते. जिल्हा आणि तालुका ही जोडी सांगायची, प्रकार डिपेंडन्सीज, मग टेबलावर ॲनालाइझ, म्हणजे टिपणं ताजी करणारी आज्ञा (एक्स्प्लेन ॲनालाइझ वेगळं). क्वेरीचं अक्षरही न बदलता प्लॅन सुधारतो. पिनकोड आणि शहर, मॉडेल आणि कंपनी, शाखा आणि आयएफएससी कोड: तुमच्या टेबलात अशा जोड्या कुठे आहेत हे तुम्हालाच माहीत, आणि पोस्टग्रेस त्या आपणहून शोधत बसत नाही.

२०१५ मध्ये व्हिक्टर लाइस आणि सहकाऱ्यांनी आयएमडीबीच्या चित्रपटविषयक डेटावर ११३ क्वेरी चालवून अनेक डेटाबेस तपासले. खर्चाच्या सूत्रांपेक्षा ओळींच्या अंदाजातल्या चुका कितीतरी भारी पडतात आणि जॉइन वाढतील तशा त्या वाढतात, असं दिसलं. खऱ्या जगातला डेटा असाच एकमेकांत गुंतलेला असतो.

ॲनालाइझ तर आपोआप होतं ना?

होतं, पण त्याच्या वेळेने. ५० ओळी अधिक टेबलाच्या १० टक्के इतका बदल झाला की ऑटोव्हॅक्यूम (पाठीमागे आपोआप चालणारी देखभाल) ॲनालाइझ लावतो. दहा कोटींच्या टेबलात याचा अर्थ एक कोटी ओळी बदलेपर्यंत टिपणं जुनीच. अशा टेबलासाठी हा टक्का वेगळा, कमी ठेवता येतो. टेम्पररी टेबलांना ऑटोव्हॅक्यूम हातच लावत नाही. पार्टिशन केलेल्या (तुकड्यांत विभागलेल्या) टेबलाच्या मूळ टेबलाचंही तेच, तिथे ॲनालाइझ स्वतः द्यावं लागतं.

एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरवर काम करताना मी हा धडा घेतला. वर्षअखेरीच्या व्याजाच्या नोंदी पहाटे एकगठ्ठा चढायच्या आणि लगेच पुढच्या ओळीत अहवाल सुरू व्हायचा. एरवी मिनिटात होणारा अहवाल त्या दिवशी सकाळी दहापर्यंत लोंबकळला. काउंटरवर माणसं जमायला लागली. आम्ही इंडेक्स बघितले, सर्व्हर बघितला, नेटवर्कवाल्याला फोन केला. कारण एवढंच होतं की नुकतं भरलेलं टेबल टिपणांनुसार जवळजवळ रिकामं होतं, ऑटोव्हॅक्यूमची फेरी यायच्या आधीच अहवाल सुटला होता. लोड आणि अहवाल यांच्यामध्ये ॲनालाइझची एक ओळ टाकली, ती आजही तिथे असेल.

आणखी एक जागा म्हणजे अपग्रेड. आवृत्ती १८ च्या आधी पीजी_अपग्रेडने नव्या आवृत्तीवर गेलात की टिपणं मागेच राहायची. अपग्रेडनंतर सोमवारी सकाळी सगळं रांगतंय आणि सगळे नव्या आवृत्तीला शिव्या घालताहेत, हे दृश्य त्यातूनच आलेलं.

इंडेक्स टाकलाय, तरी वापरत नाही. जबरदस्ती कशी करू?

आधी विचारा, तो बरोबर तर नाही ना? टेबलाचा बराचसा भाग लागणार असेल किंवा टेबलच चार पानांचं असेल तर चाळणंच स्वस्त. तसं नसेल तर चूक बहुतेकदा अट लिहिण्यात असते.

आर्थिक वर्षाच्या अहवालात तारखेच्या कॉलमवर वर्ष काढणारं फंक्शन लावून ते २०२४ इतकं असावं अशी अट लिहिली की तारखेवरचा इंडेक्स बाद. शिवाय असल्या अभिव्यक्तीची टिपणं नसल्यामुळे पोस्टग्रेस सरळ अर्धा टक्का ओळी धरून चालतो, म्हणजे अंदाजही हवेत. आणि आपलं आर्थिक वर्ष जानेवारीत सुरू होत नाही ती गोष्ट वेगळीच. १ एप्रिल २०२४ पासून पुढे आणि १ एप्रिल २०२५ च्या आत, अशी हद्द लिहा. कॉलम एका बाजूला उघडा राहू द्या, आकडेमोड दुसऱ्या बाजूला करा. फंक्शन टाळताच येत नसेल तर त्या अभिव्यक्तीवर इंडेक्स करा. ॲनालाइझ झालं की त्या अभिव्यक्तीचीही टिपणं ठेवली जातात.

दुसरी जागा म्हणजे टाइप. मोबाईल नंबर मजकुराच्या कॉलममध्ये आणि क्वेरीत अवतरणाशिवाय आकडा: मायएसक्यूएल एकेका ओळीतल्या मजकुराचा आकडा करून ताडून बघतो आणि इंडेक्स पडून राहतो. पोस्टग्रेस सरळ एरर देतो, आणि तेच बरं. एसक्यूएल सर्व्हरवर जावाच्या प्रोग्रॅममधून साध्या व्हारचार कॉलमला युनिकोड पॅरामीटर पाठवला की असाच प्रकार घडतो.

मराठी नावं शोधताना काही वेगळं करावं लागतं का?

लागतं, आणि याकडे कुणी लक्ष देत नाही. 'पाट'ने सुरू होणारी आडनावं लाइक वापरून शोधायची असतील आणि डेटाबेसचं कोलेशन (अक्षरांचा क्रम ठरवणारा नियम) 'सी' नसेल, तर पोस्टग्रेसचा साधा बी-ट्री इंडेक्स त्याला लागत नाही. टेक्स्ट_पॅटर्न_ऑप्स लावून वेगळा करावा लागतो. टक्क्याची खूण ('इथे काहीही चालेल') आधी असेल, म्हणजे 'कर'ने संपणारी नावं हवी असतील, तर तोही उपयोगाचा नाही. तिथे ट्रायग्रॅम (तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांवरचा) इंडेक्स बघा, आणि काना-मात्रांसकट तो नीट जुळवतो का हे आपल्या लोकॅलवर (भाषेच्या सेटिंगवर) ताडून घ्या.

त्याहून त्रासदायक म्हणजे एकच अक्षर दोन तऱ्हांनी साठवलेलं असणं. 'ऱ' एकसंध अक्षर म्हणून येतो किंवा र आणि नुक्ता अशा जोडीने. डोळ्यांना दोन्ही सारखे, डेटाबेसला वेगळे. 'ॲ' आणि 'अॅ' यांची तर युनिकोडच्या नियमानेही एकरूपता होत नाही. मग लोक क्वेरीत रिप्लेस, ट्रिम, नॉर्मलाइझ यांचे थर चढवतात आणि इंडेक्स बाद करतात. डेटा आत येतानाच दारात धुऊन घ्या. रोज लाख वेळा शोधताना धुण्यापेक्षा एकदा भरताना धुतलेलं परवडतं.

हिंट द्यावी का?

हिंट म्हणजे कोणता रस्ता घ्यायचा हे क्वेरीतच लिहून सांगणं. ओरॅकलवाले देतात. मायएसक्यूएलमध्ये फोर्स इंडेक्स आहे, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ऑप्शन आहे. पोस्टग्रेसच्या गाभ्यात आजवर हिंट नाही. ते हवं असणाऱ्यांनी पीजी_हिंट_प्लॅन हे एक्स्टेन्शन बनवलं आहे.

माझं मत विचाराल तर हिंट ही रात्री दोन वाजताची वस्तू आहे. प्रॉडक्शन बंद पडलंय, कारण शोधायला वेळ नाही, लावा. पण शेजारी तारीख आणि कारण लिहा, आणि सोमवारी काढायला बसा. हिंटमध्ये तुम्ही आजचा निष्कर्ष गोठवता. टेबल दहापट वाढलं, नवा इंडेक्स आला, तरी हिंट तिथेच उभी. जिल्हा-तालुक्याची जोडी सांगितलीत तर ती वस्तुस्थिती आहे, ती टेबल वाढल्यावरही खरीच राहते आणि त्या टेबलावरच्या दुसऱ्या क्वेरींनाही कामी येते.

तपासणीसाठी मात्र एनेबल_सेकस्कॅन किंवा एनेबल_नेस्टलूप आपल्या सेशनपुरतं बंद करून बघणं फार उपयोगी पडतं. दुसरा रस्ता खरोखर वेगवान आहे की आपल्यालाच तसं वाटतंय, हे कळतं. निम्म्या वेळा आपल्यालाच वाटत असतं.

तीच क्वेरी कधी झटकन येते, कधी रखडते. का?

पॅरामीटरमुळे, म्हणजे क्वेरीत दर वेळी वेगळ्या भरल्या जाणाऱ्या किमतीमुळे. 'पाटील'साठी योग्य प्लॅन आणि चार घरांत सापडणाऱ्या आडनावासाठी योग्य प्लॅन एक नसतो. एसक्यूएल सर्व्हर पहिल्यांदा आलेल्या किमतीवरून प्लॅन करतो आणि तो जपून ठेवतो, म्हणून सकाळी पहिलं कोण आलं यावर दिवस कसा जाणार हे ठरतं. तिथे ऑप्शन रिकंपाइल किंवा २०१६ पासून मिळणारं क्वेरी स्टोअर मदतीला येतं. पोस्टग्रेस प्रिपेअर्ड (एकदा तयार करून पुन्हा पुन्हा चालवल्या जाणाऱ्या) क्वेरीला पहिल्या पाच वेळा किंमत पाहून प्लॅन देतो. नंतर सगळ्यांना चालेलसा एक प्लॅन महाग पडत नाही असं वाटलं तर त्यावर स्थिरावतो. सहाव्या वेळेपासून मंद झाली अशी तक्रार आली की हे आठवा. प्लॅन_कॅश_मोड बदलून खात्री करता येते.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जयंत हरित्सा यांच्या गटाने याच विषयावर पिकासो नावाचं साधन बनवलं. किमती हळूहळू बदलत नेल्या तर ऑप्टिमायझर कुठे कोणता प्लॅन निवडतो याचा ते रंगीत नकाशा काढतं. नामांकित डेटाबेसचे नकाशे गोधडीसारखे निघाले, ठिगळावर ठिगळ. पुढे त्याच गटाने दाखवलं की थोडा जास्तीचा खर्च चालवून घेतला तर मोजक्याच प्लॅनवर भागतं.

आम्ही एसक्यूएल लिहीतच नाही, ओआरएम वापरतो. मग हे आमच्यासाठी आहे का?

तुमच्यासाठीच जास्त आहे. ओआरएम म्हणजे प्रोग्रॅममधल्या कोडवरून एसक्यूएल आपोआप लिहून देणारं साधन, जसं जँगोतलं किंवा हायबरनेट. ऑप्टिमायझरच्या हातात जी क्वेरी येते तेवढीच तो सुधारतो. ५०० ऑर्डर आणल्या, मग लूपमध्ये प्रत्येक ऑर्डरचा ग्राहक आणला, की ५०१ क्वेरी झाल्या. त्यातली प्रत्येक एका मिलिसेकंदात येते, प्रत्येकीचा प्लॅन निर्दोष आहे, स्लो लॉगमध्ये एकही नाही, आणि पान उघडायला अर्धा सेकंद जातो. सर्व्हर दुसऱ्या शहरात असेल तर कितीतरी जास्त. जँगोत सिलेक्ट_रिलेटेड आणि प्रीफेच_रिलेटेड, हायबरनेटमध्ये जॉइन फेच याचसाठी आहेत. पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स (कोणती क्वेरी किती वेळा आणि किती वेळ चालली ते मोजणारं एक्स्टेन्शन) लावा आणि यादी सरासरी वेळेवर न लावता एकूण वेळेवर लावा. असल्या क्वेरी लगेच वर येतात.

मुंबईच्या आयआयटीत एस. सुदर्शन यांच्या गटाने डीब्रिज प्रकल्पात हाच प्रश्न घेतला होता: प्रोग्रॅममधला लूप वाचून त्याची मोठी एकच क्वेरी आपोआप करता येईल का. तिथे पीएचडी केलेले कार्तिक रामचंद्र पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये फ्रॉइड या कामात होते, आणि त्यातून एसक्यूएल सर्व्हर २०१९ मध्ये स्केलर फंक्शन क्वेरीतच विरघळवण्याची सोय आली. तोवर आपला लूप आपणच मोडायचा.

जॉइन लिहू की सबक्वेरी?

जे वाचायला सरळ पडेल ते. बहुतेक वेळा आतून दोन्हींचं एकच होतं. दोन अपवाद. पोस्टग्रेसच्या १२ च्या आधीच्या आवृत्तीत विथ लावून लिहिलेला तुकडा आधी स्वतंत्रपणे पूर्ण काढला जायचा, बाहेरची अट आत जायची नाही. १२ पासून, म्हणजे २०१९ पासून, तसं हवं असेल तर मटेरियलाइज्ड लिहावं लागतं. दुसरा अपवाद नॉट इन. आतल्या यादीत एक जरी नल (न भरलेली किंमत) निघाला तर उत्तर रिकामं येतं, हा एसक्यूएलचा नियम आहे, आणि त्या नियमामुळे ऑप्टिमायझरचे हात बांधले जातात. नॉट एक्झिस्ट्स लिहा, वेगही मिळेल आणि उत्तरही बहुधा तुम्हाला अपेक्षित होतं तेच येईल.

लिमिट १० लावलं की उलट मंद झाली. हे कसं?

'या ग्राहकाच्या शेवटच्या १० नोंदी, आयडीच्या उलट क्रमाने.' ऑप्टिमायझर म्हणतो, आयडीच्या इंडेक्सवर मागून चालत जाऊ, दहा सापडायला कितीसा वेळ. ग्राहक दोन वर्षांपूर्वीच बंद झालेला असेल तर तो दोन वर्षं मागे चालत जातो. ग्राहक आणि आयडी असा दोन कॉलमचा इंडेक्स करा, त्याच क्रमाने. पानं उलटण्यासाठी मोठा ऑफसेट वापरत असाल तर तोही सोडा, कारण वगळलेली प्रत्येक ओळ आधी वाचलीच जाते. मागच्या पानावरची शेवटची आयडी लक्षात ठेवून तिथून पुढे मागा.

मग प्रत्येक कॉलमवर इंडेक्स टाकून ठेवू का?

नको. प्रत्येक इन्सर्टला सगळे इंडेक्स सांभाळावे लागतात. पण फॉरेन कीच्या (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या) कॉलमवर आहे का ते बघा: मायएसक्यूएलचं इनोडीबी तो स्वतः करतं, पोस्टग्रेस करत नाही.

कन्स्ट्रेंट्समुळे इन्सर्ट मंद होतात, म्हणून आम्ही ते काढले. काही बिघडलं का?

कन्स्ट्रेंट म्हणजे डेटावर घातलेला नियम, जसं युनिक किंवा फॉरेन की. तो काढल्यावर डेटाची शुद्धता तर गेलीच, पण ऑप्टिमायझरच्या हातातली पक्की माहितीही गेली. टिपणं नमुन्यावरची असतात, कन्स्ट्रेंट हा शब्द दिलेला असतो. युनिक आहे हे ठाऊक असेल तर पोस्टग्रेस न लागणारा लेफ्ट जॉइन संपूर्ण गाळू शकतो. फॉरेन की असेल तर जॉइनमधून किती ओळी निघतील याचा अंदाज नेमका होतो. 'आमचं ॲप्लिकेशन तपासतं' हे ऑप्टिमायझरला ऐकू जात नाही.

मी एसक्यूएलही लिहीत नाही, फक्त डॅशबोर्ड उघडतो. माझी काही भूमिका आहे?

आहे. तारखेचा फिल्टर लावा. 'सर्व वर्षं, सर्व शाखा' निवडून एक्सेलमध्ये उतरवायचं आणि तिथे एक शाखा गाळायची, ही सवय मोडली तरी पुष्कळ झालं. आणि महिनाभर कुणी न उघडलेला अहवाल रोज पहाटे चालत असेल तर बंद करायला सांगा, त्याहून वेगवान क्वेरी नाही.

चॅटबॉटला क्वेरी देऊन सुधारून घेतली तर?

घ्या, पण क्वेरीसोबत प्लॅन, टेबलांची रचना आणि ओळींची संख्या द्या. नुसत्या मजकुरावरून तो पुस्तकी सल्ला देईल. प्लॅन पेस्ट करण्याआधी त्यातली ग्राहकांची नावं आणि नंबर काढा, अटींमधल्या किमती प्लॅनमध्ये जशाच्या तशा उमटतात.

माझ्या लॅपटॉपवर पटकन चालते, प्रॉडक्शनवर नाही. डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) काय सांगू?

लॅपटॉपवर दोन हजार ओळी आहेत, तिथे कोणताही प्लॅन पटकनच चालतो. ते सांगू नका. हे न्या: क्वेरीचा पूर्ण मजकूर, ज्या खऱ्या किमतींवर ती मंद चालली त्या किमती, बफर्ससकट एक्स्प्लेन ॲनालाइझचा आउटपुट स्क्रीनशॉट न काढता मजकूर म्हणून, मंद कधीपासून झाली, आणि त्याच्या आदल्या दिवशी काय बदललं. शेवटच्या प्रश्नाला 'काहीच नाही' असं उत्तर देण्याआधी एकदा डिप्लॉयमेंटचा लॉग उघडून बघा.